स्लॅब मोजताय ते चांगलंच, पण ताबा स्लॅबवर मिळत नाही

पुण्याजवळच्या वाकडच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. वय ३६, पत्नी ३४, मुलगी पाच वर्षांची. दोघंही हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकरीला. दोघांचे मिळून हातात पडतात पावणेदोन लाख. वाकडला टू बीएचकेचं भाडं २८ हजार. म्युच्युअल फंडात २२ लाख, त्यातले सात मुलीच्या शिक्षणाचे, आणि एफडीत ९ लाख. हिंजवडीला लागूनच असलेल्या माणच्या बाजूला, मेट्रो स्थानकापासून जवळ, २२ मजली टॉवरमध्ये १७व्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांना घ्यायचाय. सगळं धरून ९२ लाख. बिल्डरचा माणूस सांगतो, डिसेंबर २०२७ला ताबा. दसऱ्यापर्यंत बुक केलं तर दोन लाखांची सूट आणि ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही’ अशी योजना. गेले दहा महिने हे गृहस्थ दर रविवारी समोरच्या चहाच्या टपरीवरून त्याच टॉवरचा फोटो काढतात. १३ स्लॅब पडलेत. ‘काम झपाट्यानं चाललंय, मेट्रो होतेय, आता थांबलो तर भाव हाताबाहेर जाईल. घेऊ का?’

नमस्कार. तुम्ही सोबत पाठवलेले फोटो आणि तारखांचा तक्ता मी दोनदा पाहिला. घर घेण्याआधी इतकी मेहनत घेणारे फार थोडे. म्हणून उत्तरही सरळ देतो: या अटींवर, या मजल्याचं बुकिंग दसऱ्याला करू नका. घर घ्यायला माझा विरोध नाही. तुम्ही मोजताय ती प्रगती वेगळी आणि तुमच्या पैशाला हवी ती वेगळी, एवढंच म्हणणं आहे.

महाराष्ट्रात रेराच्या (घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) नमुना करारनाम्यात हप्त्यांचे टप्पे ठरवून दिलेत. करारनाम्याआधी जास्तीत जास्त १० टक्के, करार नोंदल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, आणि सगळे स्लॅब पडले की ७०. त्यापुढे भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. नळ-सॅनिटरीचं सामान, जिने, लिफ्टचे खड्डे झाले की ८०. बाहेरचं प्लास्टर, प्लंबिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की ८५. लिफ्ट, पंप, वीज वगैरे झालं की ९५. शेवटचे पाच टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह (इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्यासह) ताबा देताना.

हे आकडे एकदा सावकाश वाचा. शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा तुमचे शंभरातले सत्तर रुपये गेलेले असतात आणि राहण्याजोगं घर म्हणावं असं अजून काहीच झालेलं नसतं. स्लॅब भराभर चढतात, कारण प्रत्येक स्लॅबमागे हप्ता आहे. त्यानंतरच्या कामाला वेळ जास्त, कारागीर जास्त प्रकारचे आणि पैसा उरलेल्या पंचवीस टक्क्यांतून. रेंगाळायचं ते काम इथेच रेंगाळतं, आणि टपरीवरून ते दिसत नाही.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला तेव्हा बाबा भाड्याच्या घराच्या गॅलरीतून स्लॅब मोजायचे. कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायचे: ‘स्लॅब ५’, ‘स्लॅब ६’. शेवटच्या स्लॅबला पेढे आणले. त्यानंतर ताबा मिळायला दोन वर्षांच्या वर लागली. मधे भाड्याचे चेक उशिरा यायला लागले, लिफ्टचा ठेकेदार बदलला, अग्निशमनाचा दाखला अडला. त्या दोन वर्षांत कॅलेंडरवर लिहावं असं बाबांना काही दिसलं नाही, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी इमारत बाहेरून मोजायचं सोडलं.

आता तुमच्या टॉवरकडे येऊ. तुम्ही नोंदणी क्रमांक दिलात, म्हणून महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. तिथे प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख आहे जून २०२९. विक्री ऑफिसमधला माणूस बोलतो डिसेंबर २०२७. दोन्हींत अठरा महिन्यांचा फरक, आणि करारनाम्यात कोणती तारीख लिहिली जाईल हे तुम्ही अजून विचारलेलं नाही. उशीर झाला तर व्याज मागायचा किंवा पैसे परत मागायचा हक्क रेराच्या कलम १८नं दिलाय. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या एमसीएलआरवर (कर्जाच्या पायाभूत दरावर) दोन टक्के. पण तो हक्क मोजला जातो करारातल्या तारखेपासून, तोंडी तारखेपासून नव्हे. आणि निकाल हाती आल्यावरही वसुलीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या असतातच.

त्याहून महत्त्वाचं बांधकाम परवानगीच्या प्रतीत आहे. तुम्ही पाठवलेली सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला, १४व्या मजल्यापर्यंतची आहे. तुमचा फ्लॅट १७व्यावर. महारेराच्या नोंदीत मंजूर आणि प्रस्तावित बांधकाम वेगवेगळं दाखवलेलं असतं, आणि तुमचा मजला ‘प्रस्तावित’मध्ये येतो. पुढची मंजुरी येईलही, बहुतेक प्रकल्पांत येते. पण ती येईपर्यंत तुम्ही विकत घेताय ती जागा कागदावर अस्तित्वात नाही, आणि पैसे मात्र आजच जाणार. तुम्ही मोजलेल्या १३ स्लॅबमध्ये पार्किंगचे दोन पोडियम धरलेत. म्हणजे राहायचे मजले ११ झाले. आणखी तीन झाले की मंजुरी संपते. मजल्याला साधारण पंचवीस दिवस, असं तुमचाच तक्ता सांगतो. दोन-अडीच महिन्यांत टॉवर थांबला किंवा परवानगीशिवाय वर चढू लागला, तर या दोन्ही गोष्टी तुम्हाला टपरीवरून नक्की दिसतील. त्यासाठी मात्र टपरीवरून पाहणं चालू ठेवाच.

हिशोबाकडे येतो, कारण तुमच्या एक्सेलमध्ये तीन आकडे चुकलेत.

पहिला, तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. तुम्ही ९२ लाखांच्या २० टक्के, म्हणजे १८ लाख ४० हजार धरलेत. फ्लॅटची मूळ किंमत ८० लाख. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख. उरलेले मुद्रांक, नोंदणी, क्लब आणि आगाऊ मेंटेनन्सचे. बँक कर्ज देणार मूळ किमतीवर, ८० टक्के, म्हणजे ६४ लाख. तुमच्या खिशातून जाणार २८ लाख. तुमच्याकडे एकूण ३१ आहेत, मुलीचे सात धरून. मागे उरतात तीन लाख. दोन नोकऱ्या, एक लहान मूल आणि घरात तीन लाख, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरा, हप्ता कधी सुरू होतो. टॉवर अर्ध्यावर आलाय, त्यामुळे करार नोंदवलात की मागचे सगळे टप्पे एकदम भरायचे. जोत्यापर्यंतचे ४५ टक्के आणि २४ पैकी १३ स्लॅबच्या वाट्याचे साडेतेरा, मिळून साठीच्या जवळ. साधारण ४७ लाख. तुमचे १६ आधी जातील, बँकेचे ३१. साडेआठ टक्क्यांनी त्याचं नुसतं व्याज महिन्याला २२ हजार, वर २८ हजार भाडं. ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही’ या योजनेत ते व्याज बिल्डर भरतो, पण कर्ज तुमच्या नावावर असतं. त्यानं भरणं थांबवलं की बँकेचा फोन तुम्हाला येतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तुमच्या लागतो. २०१९च्या जुलैमध्ये राष्ट्रीय आवास बँकेनं गृहवित्त कंपन्यांना अशा योजना टाळायला सांगितलं, ते याच तक्रारींमुळे. सूट घ्यायची तर किमतीत घ्या, व्याजात नको.

तिसरा आकडा उशिराचा. तुमच्या तक्त्यात डिसेंबर २०२७नंतर भाड्याचा रकाना रिकामा आहे. तो जून २०२९पर्यंत भरून पाहा. सगळे स्लॅब होऊन काम रेंगाळलं, तर तोवर ५६ लाख गेलेले, त्यातले ४० बँकेचे. व्याज तुमच्यावर आलं तर ते २८ हजार, भाडं २८ हजार. महिन्याला ५६ हजार, अठरा महिन्यांचे दहा लाखांच्या वर. दसऱ्याची दोन लाखांची सूट यात कुठे बसते ते तुम्हीच पाहा. (व्याजावरची करबचतही तुम्ही धरलीय. तुम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहात, आणि तिथे स्वतः राहायच्या घराच्या व्याजाची वजावट नाही. तो रकाना काढून टाका.)

मेट्रोचं. माण ते शिवाजीनगर, तिसरी मार्गिका, २३ किलोमीटरच्या वर, २३ स्थानकं, सगळी उन्नत. भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ला झालं. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२०मध्ये पाडला तो याच कामासाठी, आणि पुढची काही वर्षं तिथून जाणाऱ्या प्रत्येकानं काय सोसलं हे पुणेकरांना सांगायला नको. मार्च २०२५ची मुदत होती, ती टळली. सरकार पाठीशी असलेल्या, टाटा आणि सीमेन्ससारख्यांनी हाती घेतलेल्या कामाची ही गत, तर खासगी टॉवरची तोंडी तारीख किती धरायची? आणि मेट्रोचा फायदा तुम्हाला व्हायचाच नाहीये असं नाही, पण भावात तो धरून झालाय. तुम्ही ८० लाख देताय ते मेट्रोसकट. बिल्डर म्हणतो ‘स्थानकापासून दहा मिनिटं’. ते संध्याकाळी साडेसहाला, पावसात, मुलीचा हात धरून चालून पाहा. २०२५च्या जूनमध्ये तिथले रस्ते कसे पाण्याखाली गेले ते तुम्ही ऑफिसच्या खिडकीतून पाहिलंच असेल. त्या टॉवरला पाणी कोण देणार हेही लेखी विचारा. माणच्या पट्ट्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचा मेंटेनन्स मी पाहिलाय, उन्हाळ्यात तो अंगावर येतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तुमचा पगार हिंजवडीतून, पत्नीचा पगार हिंजवडीतून आणि आता घरही हिंजवडीत. आयटीत मंदी आली तर दोघांच्या नोकऱ्यांवर ताण येईल, त्याच वेळी तिथली भाडी आणि फेरविक्रीचे भाव बसतील. विकायची वेळ येईल नेमकी गिऱ्हाईक नसताना. तिन्ही दोऱ्या एकाच खुंटीला बांधायच्या असतील, तर हाताशी वर्षभराचा खर्च हवा. तीन लाखांवर ते होत नाही.

मग काय करावं? तुमच्या जागी मी असतो तर भोगवटा मिळालेला, तीन-चार वर्षं जुना फ्लॅट वाकड किंवा मारुंजीत शोधला असता. जीएसटी नाही, भाडं लगेच बंद, पाण्याची आणि शेजाऱ्यांची चौकशी घेण्याआधीच करता येते. नवेपणा मिळणार नाही, जिमसुद्धा कदाचित नसेल. ७० लाखांच्या आत मिळाला तर ५६ लाखांच्या कर्जाचा हप्ता ४९ हजारांच्या आत बसतो, आणि भाडं थांबल्यामुळे सध्याच्या खर्चावर खरा बोजा वीस-एकवीस हजारांचाच. मुलीच्या सात लाखांना हात लावावा लागणार नाही.

मन याच टॉवरवर बसलं असेल, तर १४व्या मजल्याच्या आतला फ्लॅट मागा. करारनाम्यात ताब्याची तारीख लिहून घ्या. करार नोंदल्याशिवाय दहा टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, कलम १३ तुमच्या बाजूनं आहे. बुकिंगचा चेक प्रकल्पाच्या नावच्या ठरलेल्या संकलन खात्यावरच काढा. ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के वाटा वेगळ्या खात्यात राहतो आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए या तिघांच्या दाखल्यांशिवाय तो काढता येत नाही. हे दाखले महारेराच्या संकेतस्थळावर दिसतात. सीएच्या दाखल्यात एक जोडी बघा: अंदाजित बांधकाम खर्च किती आणि प्रत्यक्ष झालेला किती. स्लॅब निम्म्यावर आलेत आणि खर्च पंचवीस टक्क्यांवर असेल, तर उरलेलं काम किती आहे ते त्या एका आकड्यात कळतं. तिमाही माहिती वेळेवर भरलेली आहे ना, तेही पाहा. ती न भरणाऱ्या प्रकल्पांची नोंदणी महारेरानं २०२३पासून स्थगित केलेली आहे.

आणि येत्या रविवारी टपरीवर थांबू नका. साइट इंजिनिअरला विचारून, हेल्मेट घालून आत जा. वीटकाम स्लॅबच्या किती मजले मागे आहे ते लिहा. चार-पाच मजले मागे असेल तर काम एका लयीत चाललंय. आठ-नऊ मागे असेल तर फक्त हप्त्याचं काम चाललंय. महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरची जागा कुठे, सांडपाणी प्रकल्पाचा खड्डा खणला का, मुख्य रस्त्याची जमीन ताब्यात आहे का, एवढं विचारा. भोगवटा बहुतेक वेळा इथेच अडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या बाथरूमचा फोटो काढा, फरशी लागली असेल-नसेल तसा. तो आणि सीएचा ताजा दाखला मला पाठवा, मग दसऱ्याआधी आपण फोनवर बोलू.