वर्ग सुरू होण्याआधीचा आठवडा

प्रिय विद्यार्थिमित्रास,

सप्रेम आशीर्वाद.

विद्यापीठातला प्रवेश पक्का झाल्याचे तू कळवलेस आणि त्याच पत्रात एक सरळ प्रश्नही विचारलास: वर्ग सुरू होण्याआधी ओरिएंटेशनचा जो आठवडा ठेवला आहे, त्याला जावेच का? भाषणे, ओळखीचे खेळ, परिसराची फेरी आणि सह्या करायचे कागद एवढेच त्यात असते, हजेरीही धरली जात नाही, तेव्हा तो आठवडा घरी काढून थेट पहिल्या तासाला हजर राहिले तर काय बिघडेल, असे तुझे म्हणणे. माझे उत्तर 'जा' असेच आहे. मात्र माहितीपत्रकात त्यासाठी जी कारणे दिलेली असतात, ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाहीत.

विद्यापीठाचा कारभार जितका छापील नियमांवर चालतो, तितकाच कुठेही न लिहिलेल्या रीतींवरही चालतो. प्राध्यापकांच्या दारावर भेटीची जी वेळ लावलेली असते, ती केवळ अडचणीत सापडलेल्यांसाठी नसते. विषयावर नुसते बोलायलाही त्या वेळेत जाता येते. निबंध मुदतीत पुरा होणार नाही असे दिसताच आधी कळवले, तर बहुधा ऐकून घेतले जाते. मुदत उलटल्यावर कळवले, की तेच खरे कारण सबब वाटू लागते. वाचनयादीतले प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचे असतेच असे नाही. ज्यांच्या घरात आधी कोणी विद्यापीठात शिकले आहे, त्यांना या गोष्टी घरी बोलता बोलता कळतात. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी त्या दारातून आत जात असते, त्यांना त्या सांगणारे कोणी नसते आणि मग पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर त्या उमगतात. ओरिएंटेशनचा आठवडा हे अंतर पुरते भरून काढतो असे मी म्हणणार नाही, पण या रीती उघडपणे बोलल्या जाण्याची ती जवळजवळ एकमेव वेळ असते. तुझ्या घरातून विद्यापीठात जाणारी पहिली व्यक्ती तूच आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

त्या आठवड्यात सगळे काही समजले पाहिजे असा आग्रह मात्र धरू नकोस. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला, आणि त्यानंतर १९७२ मध्ये तिथे नव्या विद्यार्थ्यांसाठी 'युनिव्हर्सिटी १०१' हा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करण्यात आला, जो आजही चालू आहे. विद्यापीठात कसे वावरावे हे शिकवायला ज्यांना अख्खा अभ्यासक्रम योजावा लागला, त्यांच्या अनुभवावरून एवढे तरी दिसते की हे काम दोन-चार भाषणांत उरकणारे नाही. म्हणून प्रत्येक भाषणाची टिपणे काढत बसू नकोस. कोणता प्रश्न कोणाकडे न्यायचा, एवढे त्या आठवड्यात कळले तरी पुष्कळ झाले. उत्तरे पुढे गरजेप्रमाणे मिळवता येतात.

आता विचारण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सारा आठवडा मला त्यासाठीच मोलाचा वाटतो. मोठ्या सभागृहात परीक्षा विभागाचे कोणी अधिकारी वीस मिनिटांत मूल्यमापनाची पद्धत सांगतात, शेवटी "काही शंका?" असे विचारतात, आणि सभागृह गप्प होते. ध्वनिक्षेपक हातात घेतलेला स्वयंसेवक मधल्या वाटेवर उभा असतो आणि कोणी हात वर करतो का, हे पाहत राहतो. मग आभार मानले जातात, खुर्च्या सरकतात, आणि त्याच अधिकाऱ्यांभोवती व्यासपीठाच्या पायरीशी पंधरा-वीस जणांचा घोळका जमतो. त्यातले बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन आलेले असतात. सगळे गप्प बसले म्हणून सगळ्यांना समजले असे प्रत्येकाने गृहीत धरलेले असते. तुला जे कळले नाही, ते त्या सभागृहात आणखी अनेकांना कळलेले नसते, हे धरून चाल आणि हात वर कर.

लोक काय म्हणतील ही भीती खरी असली, तरी तिचे माप चुकलेले असते. कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात विद्यार्थ्याला एका गायकाचे चित्र असलेला, घालायला अवघड वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. आपला टी-शर्ट किती जणांच्या लक्षात आला असेल, असे नंतर विचारल्यावर त्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात तो सुमारे पाव जणांच्याच लक्षात आला होता. पहिल्या आठवड्यात तर हे प्रमाण आणखी घसरत असावे असे मला वाटते, कारण त्या दिवसांत प्रत्येक जण स्वतःच्याच काळजीत गढलेला असतो. शिवाय या आठवड्यात अज्ञानाला माफी असते. श्रेयांक म्हणजे काय, असे पहिल्या सोमवारी विचारले तर समोरचा माणूस कौतुकाने समजावतो. तोच प्रश्न तिसऱ्या सत्रात विचारला तर तो चष्म्यावरून पाहतो.

श्रेयांकाचा, म्हणजे अभ्यासाचे काम मोजायच्या एककाचा (क्रेडिटचा), विषय निघालाच आहे, तर त्याचा हिशेब याच आठवड्यात लावून घे. नवे विद्यार्थी वेळापत्रकातले तास मोजतात आणि शाळेपेक्षा इथे मोकळीक फार आहे असे समजतात. युरोपातील श्रेयांक पद्धतीत पूर्ण वेळच्या एका शैक्षणिक वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. त्यात वर्गातले तास आले, तसेच वाचन, लेखन, प्रयोग आणि परीक्षेची तयारीही आली. इतर ठिकाणी आकडे वेगळे असतील, पण तत्त्व बहुधा हेच असते: वेळापत्रकात जी जागा रिकामी दिसते, ती अभ्यासासाठी धरलेली असते. तुझ्या विद्यापीठात एका श्रेयांकामागे किती तासांचे काम अपेक्षित आहे, हे विभागाच्या बैठकीत विचार. त्याच बैठकीत दोन तारखाही लिहून घे, एक विषय बदलण्याची अखेरची आणि दुसरी गुणपत्रिकेवर नोंद न होता विषय सोडण्याची. शैक्षणिक दिनदर्शिकेत त्या असतात खऱ्या, पण त्या टळून गेल्यावरच अनेकांचे तिकडे लक्ष जाते.

ग्रंथालयाची फेरी चुकवू नकोस, आणि ती संपल्यावर लगेच निघू नकोस. फेरीत मार्गदर्शक भराभर चालतात, मागच्या चार जणांना काहीच ऐकू येत नाही आणि कपाटांच्या रांगा सगळ्या सारख्याच दिसतात. घोळका पुढे गेला की काउंटरवरच्या ग्रंथपालांकडे जा आणि तुझ्या पहिल्या सत्रातल्या कोणत्याही एका विषयाचे नाव सांगून विचार, की या विषयाची पुस्तके कुठे असतात, नेमलेली पुस्तके घरी नेता येतात की तिथेच बसून वाचावी लागतात, इथे नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येते का, आणि संशोधन-नियतकालिके घरून वाचायची असतील तर लॉगिन कसे करायचे. पाच-दहा मिनिटांचे हे संभाषण असते. ते झाले, की ओळखपत्र दाखवून एक पुस्तक स्वतःच्या नावावर काढ. ते वाचून झाले नाही तरी चालेल, पण पुस्तक कसे काढायचे हे हाताला ठाऊक झालेले असते. ग्रंथपालांना वर्षभर मुख्यतः "छपाई कुठे होते?" एवढेच विचारले जाते, त्यामुळे खरा प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी त्यांच्या लक्षात राहतो.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक काम कर. वेळापत्रक हातात घेऊन सोमवारचे तास ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने एकेका खोलीपर्यंत चालत जा. जुन्या इमारतींना नंतर जोडलेले भाग असतात, एका जिन्याने गेले तर दुसऱ्या मजल्यावरची खोली लागते आणि दुसऱ्या जिन्याने गेले तर भिंत लागते. हा शोध तासाला पाच मिनिटे उरलेली असताना लागू नये.

आता मैत्रीविषयी. या आठवड्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे, आणि त्यापायी चांगली मुले नाहक खचतात. चौथ्या दिवशी खानावळीत सगळीकडे गट जमलेले दिसतात, हसणे ऐकू येते आणि आपणच तेवढे मागे राहिलो असे वाटू लागते. कॅन्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या ठिकाणी आलेल्या लोकांची आणि विद्यापीठात नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची मैत्री कशी वाढते हे तासांच्या हिशेबात पाहिले. नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मैत्रीपर्यंत पोहोचायला ९० च्या आसपास, आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक, असे त्यांना आढळले. एका आठवड्यात, आणि तेही शंभर जणांमध्ये विभागून, इतके तास कोठून येणार? चौथ्या दिवशी जे गट दिसतात ते बहुतेक योगायोगाने एका रांगेत उभे राहिलेल्यांचे असतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत त्यांतले बरेचसे विरघळतात. तेव्हा या आठवड्यात जिवलग मिळाले नाहीत याचा काहीही अर्थ लावू नकोस.

त्यापेक्षा पुन:पुन्हा भेट होईल अशा जागा शोध. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या वेस्टगेट या विद्यार्थी-वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की शेजारच्या दारातल्यांशी मैत्री होण्याचे प्रमाण त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि ज्यांची घरे जिन्याजवळ होती त्यांच्या इतर मजल्यांवरही ओळखी झाल्या होत्या. स्वभाव जुळणे नंतरचे. आधी रोज समोरासमोर येणे. वसतिगृहात राहणार असशील तर पहिल्या आठवड्यात खोलीचे दार जमेल तेव्हा उघडे ठेव. घरून ये-जा करणार असशील तर अधिक प्रयत्न करावा लागेल, कारण शेवटचा तास संपल्याबरोबर निघणाऱ्याला जिन्याजवळचे घर कधीच मिळत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुद्दाम थांबण्याचे ठरव.

विद्यार्थी मंडळांच्या जत्रेत नाव सगळीकडे नोंदवू नकोस, नाहीतर वर्षभर संदेशांचा पूर येईल. दोन पुरेत: एक तुला आधीपासून येत असलेल्या गोष्टीचे, दुसरे आजवर कधी न केलेल्या गोष्टीचे. वर्गणी जागेवर मागितली, तर पहिली बैठक पाहून देईन असे सांग. रात्रीच्या मेजवान्यांना जायचे की नाही हे तुझे तू ठरव; जाण्याआधी परत कसे यायचे आणि कोणाबरोबर यायचे, हे ठरलेले असावे. 'ओळख करून घेण्याच्या' नावाखाली कोणी सीनियर अपमान सोसायला किंवा प्यायला भाग पाडू लागला, तर तो परंपरेचा भाग नसतो, तो नियमभंग असतो. तिथून निघ आणि त्याच दिवशी लेखी कळव.

प्रकृतीची जुनी तक्रार, अपंगत्व किंवा नियमित औषध असेल तर विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात आणि परीक्षेच्या सवलती पाहणाऱ्या कार्यालयात याच आठवड्यात नोंद कर, कारण कागदपत्रे तपासायला वेळ लागतो आणि परीक्षेच्या तोंडावर कोणालाच घाई करता येत नाही. समुपदेशन केंद्राची जागाही, काही अडचण नसताना, पाहून ठेव. घरची आठवण येईल, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी. घरी बोलायची एक वेळ ठरवून घे म्हणजे दिवसभर फोनकडे पाहत राहावे लागणार नाही, आणि घरच्यांनाही 'सगळे ठीक आहे' यापलीकडे एखादी खरी गोष्ट सांग.

प्रवास लांबचा आहे आणि कागदपत्रांचे काम अजून अडलेले आहे असे तू लिहिले आहेस, त्यामुळे कदाचित आठवडा निम्मा सरल्यावर तू पोहोचशील. तसे झाले तर विद्यार्थी कल्याण कार्यालयात जाऊन झालेल्या भाषणांची सादरीकरणे माग, बहुतेक ठिकाणी ती जपून ठेवलेली असतात. आणि नेमून दिलेल्या विद्यार्थी-मार्गदर्शकाला परिसर दाखवायला अर्धा तास देता येईल का, असे विचार. उशीर होणार हे आजच विभागाच्या कार्यालयाला ईमेलने कळव, त्यात तुझा प्रवेश क्रमांक घाल, आणि उत्तर आले की ते जपून ठेव.

तुझा हितचिंतक