पासवर्ड बरोबर आहे, तरी थंडरबर्ड ऐकत नाही

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. घरी विंडोज ७ चा संगणक आहे आणि जीमेल मी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये वापरतो. २०२२ साली ते अचानक पासवर्ड मागू लागले होते, तेव्हा भाच्याने येऊन काहीतरी करून दिले. मागच्या महिन्यात खबरदारी म्हणून मी गूगलचा पासवर्ड बदलला, आणि तेव्हापासून पुन्हा तेच. पासवर्ड टाकतो, चौकट जाते, परत येते. शेजारचा मुलगा म्हणतो, ‘काका, फॉरमॅट मारून टाकू.’ या संगणकावर सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार आहे. माझ्या धाकट्या भावाने अमेरिकेतून पाठवलेली पत्रेही आहेत. तो आता नाही. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सप्रेम नमस्कार. फॉरमॅट करू देऊ नका. थंडरबर्ड काढून पुन्हा टाकणे नको, खाते डिलीट करणेही नको. हे पहिल्यांदा सांगते, कारण पासवर्डचे दुखणे थोड्या वेळात बरे होते, पण पुसली गेलेली पत्रे कोणी परत आणून देऊ शकेल याची खात्री नसते.

तुमचे खाते ‘पॉप’ पद्धतीने (मेल संगणकावर उतरवून घेण्याची एक पद्धत) जोडलेले असेल, तर मेल संगणकावर उतरल्यावर गूगलकडे त्याची प्रत उरते की नाही, हे सेटिंगवर ठरते. आणि डावीकडच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये हलवलेली पत्रे तर फक्त तुमच्या संगणकावरच असतात. म्हणून आधी प्रत काढा. थंडरबर्डच्या ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ आहे. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोरचे बटण दाबले की तुमची पत्रे आणि सेटिंग्ज असलेला फोल्डर, म्हणजे तुमचा ‘प्रोफाइल’, उघडतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. इथे एक अडचण येऊ शकते. थंडरबर्ड इनबॉक्समधली सगळी पत्रे सहसा एकाच फाइलमध्ये ठेवते. ती ४ जीबीपेक्षा मोठी असेल, तर फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ती घेत नाही. ‘फाइल खूप मोठी आहे’ असे आले, तर पेन ड्राइव्ह रिकामा करून एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करा. (फॉरमॅट पेन ड्राइव्हचा, संगणकाचा नव्हे!)

आता कारण. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडून नवा पासवर्ड टाका. उघडले, तर पासवर्ड बरोबर आहे आणि तो आणखी बदलण्यात काही अर्थ नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसते नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणे बंद केले. तुमच्या भाच्याने तेव्हा बहुधा ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढून थंडरबर्डमध्ये भरला असणार. हा गूगलने स्वतः तयार केलेला १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड असतो. मूळ पासवर्ड बदलला की गूगल जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द करते. तुम्ही केलेत ते योग्यच केलेत. फक्त त्यामुळे थंडरबर्डजवळचा पासवर्ड निकामी झाला, आणि त्या चौकटीत तुम्ही जो मूळ पासवर्ड टाकता तो तिथे चालतच नाही.

नवा अ‍ॅप पासवर्ड काढला तर काम लगेच सुरू होईल. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणे) सुरू ठेवा, शोधपट्टीत ‘अ‍ॅप पासवर्ड्स’ शोधा, आणि मिळालेली १६ अक्षरे थंडरबर्डच्या चौकटीत टाका. ती एकदाच दिसतात.

पण मी तुम्हाला दुसरा मार्ग सुचवीन, त्याचे नाव ‘ओऑथ-२’. तुम्ही सचिव आहात म्हणून तुमच्याच गेटवरचे सांगते : पाहुण्याच्या हातात आपण घराची किल्ली देत नाही, पास देतो. इथेही पासवर्ड तुम्ही गूगलच्या स्वतःच्या खिडकीत टाकता आणि थंडरबर्डला फक्त पास मिळतो. यासाठी थंडरबर्ड ११५ टाका. विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची मोठी आवृत्ती. जुनी जिथे आहे तिथेच, तिच्यावरच बसवा. उघडल्यावर पेटी कोरी दिसली, तरी पत्रे गेली असे समजू नका. नवा प्रोफाइल उघडलेला असतो, जुना जागेवरच असतो.

मग ‘अकाउंट सेटिंग्ज’, ‘सर्व्हर सेटिंग्ज’, ‘ऑथेंटिकेशन मेथड’ इथे ओऑथ-२ निवडा. हीच निवड खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’मध्येही वेगळी करावी लागते. बहुतेकांचे इथेच राहून जाते, आणि मग मेल येतात पण जात नाहीत. यानंतर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’तल्या ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मधून जीमेलच्या जुन्या नोंदी काढा आणि तिथेच कुकीज (वेबसाइट संगणकावर ठेवते त्या छोट्या नोंदी) स्वीकारल्या जातात ना, ते पाहा. कुकीज बंद असतील तर गूगलची खिडकी पुढे सरकत नाही. थंडरबर्ड बंद करून उघडा, खिडकीत पासवर्ड टाका, मोबाइलवर होकार द्या, ‘अलाउ’ दाबा.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले आहे. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करत असाल, तर कृपया आजच थांबवा.

आणि ‘जीमेल हेल्पलाइन’ असे शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. असे पुष्कळ नंबर फसवणाऱ्यांचे असतात. ते संगणकाचा ताबा मागतात, मग ओटीपी. कोणी फसलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.

प्रश्न : माझे हॉटमेलचे खाते आउटलुक २०१० मध्ये पासवर्ड मागतच राहते. अ‍ॅप पासवर्डही चालला नाही. दुकानाची बिले याच पत्त्यावर येतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तो चालणार नाही, आणि यात तुमचे काहीच चुकलेले नाही. १६ सप्टेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी पासवर्डची जुनी पद्धत बंद केली, त्यात अ‍ॅप पासवर्डही आले. आउटलुक २०१० ला नवी पद्धत येत नाही. त्यावर वेळ आणि पैसे घालवू नका. कोणी ‘दुरुस्त करून देतो’ म्हणाले तरी नाही म्हणा. बिले आज ब्राउझरमधून पाहा. संगणकावरच हवी असतील तर थंडरबर्ड टाका, ते फुकट आहे, आणि खाते ओऑथ-२ ने जोडा. आउटलुकमधली जुनी बिले पीएसटी फाइलमध्ये असतील. ती फाइल दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय आउटलुक काढू नका.