टेस्टी परत का आली?

गेल्या अंकात ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’मधल्या टेस्टीबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम तिलाच देतेय. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेटफ्लिक्सची अमेरिकन सिरीज, २०१३ ते २०१९, सात सीझन, लिचफील्ड नावाच्या बायकांच्या काल्पनिक तुरुंगाची गोष्ट, पायपर कर्मन यांनी स्वतःच्या तुरुंगवासावर लिहिलेल्या पुस्तकावरून घेतलेली. टेस्टी म्हणजे ताशा जेफरसन, काम डॅनिएल ब्रूक्सचं. खाली शेवटापर्यंतचं सगळं फुटणार आहे, बघायची असेल तर आधी बघून या.

प्रश्न : पहिल्या सीझनमध्ये टेस्टी सुटते आणि दोन-तीन एपिसोडमध्ये परत आत येते, तेही जवळजवळ स्वतःहून. हे मला पटलंच नाही. सुटलेला माणूस कशाला परत जाईल? लेखकांना ते कॅरेक्टर सोडवेना म्हणून काहीतरी जुळवलंय असं वाटलं. — एक वाचक, म्हापसा

मला तर अख्ख्या सिरीजमधली सगळ्यात खरी गोष्ट हीच वाटते. ती परत येते तेव्हा तिची जिवलग मैत्रीण पूसे तिच्यावर भडकते, तुमच्यासारखंच तिलाही पटत नाही, आणि मग टेस्टी सांगायला लागते की बाहेर झोपायला धड जागा नाही, पार्टटाइम कामात काही भागत नाही, वर तुरुंगाचेच नऊशे डॉलर द्यायचे राहिलेत, ओळखीचे सगळे एकतर गरीब नाहीतर आत नाहीतर गेलेले. आणि या सगळ्यात ती एक साधी गोष्ट बोलून जाते, की दिवस कसा गेला हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं. आत निदान कुठे उभं राहायचं, कधी जेवायचं, कोणाशी कसं वागायचं हे माहीत आहे. मुलगी लहानपणापासून आईबापांशिवाय, सरकारी सोयीत वाढलेली, व्ही नावाच्या बाईने जवळ केलं तेही ड्रग्जच्या धंद्यासाठी. तिला घर असं मिळालं ते लिचफील्डमध्येच, पूसेच्या शेजारी.

आमच्या वाड्यावरचा एक माणूस बरीच वर्षं आत काढून आला होता, मी तेव्हा नववीत होते. बहिणीकडे राहायचा. आत अंधार पडायच्या आधी जेवण उरकून बंद करतात, त्यामुळे त्याला संध्याकाळी सहाला भूक लागायची, बहीण दिवा लावत असायची आणि हा ताट घेऊन पायरीवर बसलेला. जेवून ताट लगेच धुवायचा, पुसायचा आणि भिंतीला उभं करून ठेवायचा, रोज त्याच जागी. आत जायच्या आधी वाड्यावर चवथीला गणपतीच्या वर रानातल्या फळांची माटोळी बांधायची ती त्यानेच, कांगल्या कुठे आणि सुपारीचे घोस कुठे हे बाकी कोणाला जमायचं नाही. सुटून आला त्या वर्षी तो चवथीच्या आदल्या दिवशी सकाळीच घरी आला, बघतो तर माटोळी बांधून झालेली. कोणी त्याला नको म्हटलं नव्हतं हो. फक्त वाट बघितली नव्हती. थोडा वेळ खाली उभा राहून वर बघत होता, मग चहा न घेताच गेला. टेस्टी परत आली तो एपिसोड मी बघितला तेव्हा मला तोच आठवला, आणि त्या सीनमध्ये काही जुळवलंय असं मला म्हणूनच वाटत नाही.

अजून एक बघा. दुसऱ्या सीझनमध्ये तुरुंगात खोट्या इंटरव्ह्यूंचा कार्यक्रम होतो, टेस्टी कंपनीची माहिती वाचून पाठ करून जाते आणि पहिली येते. नोकरी मिळणार असं तिला मनापासून वाटत असतं. नोकरी नसतेच, ती नुसती स्पर्धा होती. त्या वेळचा तिचा चेहरा परत एकदा बघा म्हणजे ‘सुटून काय केलं असतं’ याचं उत्तर मिळेल.

प्रश्न : ही सिरीज कॉमेडी आहे की सिरीयस? घरात वाद चालू आहे. — डिचोली

तो वाद अमेरिकेतही होता. एमी अवॉर्डला २०१४ मध्ये ती कॉमेडीत धरली, २०१५ मध्ये ड्रामात, आणि सुझॅनचं काम करणाऱ्या उझो अडुबाला त्या एकाच रोलसाठी दोन्हीकडे एमी मिळालं. म्हणजे घरात दोघंही बरोबर.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. शेवट बघून दोन दिवस राग गेला नाही. टेस्टीने खून केलेला नाही हे आपण डोळ्यांनी बघतो आणि तरी तिला जन्मठेप, ती शेवटपर्यंत सुटत नाही. गोष्टच आहे ना, मग तिला सोडवायला काय हरकत होती? — फोंडा

बाई, राग मलाही आला होता. पण तो कोणावर, हे बघण्यासाठी जरा मागे जाऊया.

चौथ्या सीझनच्या शेवटाकडे कॅन्टीनमध्ये शांतपणे निषेध चाललेला असतो आणि एका गार्डच्या गुडघ्याखाली दबून पूसे मरते. टेस्टी तिथेच फरशीवर तिच्या शेजारी आडवी होते. पुढे तुरुंगाचा अधिकारी कॅप्युटो कॅमेऱ्यासमोर बोलतो त्यात गार्डची बाजू आहे, पण पूसेचं नाव नाही, साधं नावही नाही. दंगा पेटतो तो यावरून. पाचव्या सीझनमध्ये, तो सगळा सीझन तीनच दिवसांचा आहे, बायकांच्या वतीने बोलणी करायला टेस्टी बसते आणि काय बोलते ती! लायब्ररीत कायद्याची पुस्तकं वाचलेली मुलगी, समोरच्यांना घाम फोडते. शिक्षण, आरोग्य अशा बऱ्याच मागण्या मान्य व्हायला येतात पण ज्या गार्डने पूसेला मारलं त्याच्यावर कारवाई, ही एक काही हाती लागत नाही, आणि तिथे ती उठते. ही तिची चूक होती का यावर मी स्वतःशीच खूप भांडलेय. बाकी बायकांचा विचार केला तर चूकच. पण मैत्रिणीचं नाव सोडून बाकी सगळं घेऊन ये असं तिला कोण सांगणार?

आणि मग तो सीन. क्रूर गार्ड पिस्काटेला तिच्या समोर आहे, हातात पिस्तूल आहे, आणि ती गोळी झाडत नाही, त्याला जाऊ देते. बाहेर पडल्यावर पोलिसी पथकातल्याच एकाच्या गोळीने तो मरतो, चुकून, आणि ते लोक आपली चूक झाकायला दोष कैद्यांवर ढकलतात. सहाव्या सीझनमध्ये कोर्टात उभी कोण तर टेस्टी. जिने मारायचं नाही असं ठरवलं तीच खुनी ठरते, आणि तिच्या विरोधात साक्ष कोणाची तर तिची मैत्रीण सिंडीची, स्वतःला वाचवायला दिलेली. हे इतकं दुखतं कारण यात राक्षस कोणीच नाही, सगळे घाबरलेले लोक आहेत.

आता तुमचा प्रश्न, सोडवली का नाही. सोडवली असती तर तुम्हाला आणि मला रात्री बरी झोप लागली असती आणि आपण दुसरी सिरीज लावली असती. सातव्या सीझनमध्ये ती जगणं संपवायच्या टोकापर्यंत जाते आणि मागे फिरते. मागे फिरल्यावर काय करते तर लवकर सुटणाऱ्या बायकांना पैशाचं शिकवते. बँक म्हणजे काय, कर्ज कसं फेडायचं, बाहेर गेल्यावर पहिला महिना कसा काढायचा, आणि त्यांना छोटी कर्जं मिळावीत म्हणून फंड काढते, पूसेच्या नावाने. पहिल्या सीझनमध्ये तिला परत आत घेऊन आलं ते नेमकं हेच होतं ना, फी, भाडं, रिकामा खिसा? स्वतः कधीच बाहेर न जाणारी बाई दुसऱ्यांनी परत येऊ नये म्हणून बसलीय. आणि जे नाव कॅप्युटोने घेतलं नाही ते आता तिथल्या प्रत्येकीच्या तोंडात. त्याच वेळी सिरीजवाल्यांनी पूसे वॉशिंग्टन फंड या नावाने खरोखरचा निधीही सुरू केला, तुरुंगवास भोगलेल्या बायकांसाठी आणि तुरुंगव्यवस्था सुधारण्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत म्हणून.

प्रश्न : गुन्हेगारांना हिरो कशाला करायचं? आग्वाद किल्ल्यातल्या जुन्या तुरुंगाच्या कोठड्या बघून या, तिथे आपल्या गोव्यासाठी माणसं बसली होती. — नेरुल

बघून आलेय. लहानपणी ती भिंत बाहेरूनच बघायचो कारण आत कैदी असायचे, २०१५ मध्ये त्यांना कोलवाळच्या तुरुंगात हलवलं आणि डिसेंबर २०२१ पासून तिथे म्युझियम आहे. तुमचा मुद्दा मी हलका करत नाही, लोहियांना जिथे ठेवलं होतं ती जागा आणि ड्रग्जच्या केसमधली मुलगी एका तागडीत घालायचं कोणी म्हणत नाही. पण मला तिथे सगळ्यात जास्त आठवले ते मोहन रानडे. सावईवेऱ्याला मराठी शिकवणारे मास्तर, गोव्याच्या मुक्तीसाठी लढताना १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा, पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि मास्तर आतच, सुटले १९६९ च्या जानेवारीत. मधल्या वर्षांत सुधीर फडके आणि इतर लोक त्यांच्या सुटकेसाठी झटत राहिले, नाव विसरू दिलं नाही. आत असलेल्या माणसाचं नाव बाहेर कोणीतरी घेत राहणं याची किंमत गोव्याला कोणी समजवायला नको. टेस्टी पूसेसाठी भांडते ते मला म्हणूनच आपलं वाटतं.

प्रश्न : नाव छापू नका. माझा मावसभाऊ कोलवाळला आहे, दीड वर्ष झालं, केस उभीच राहिली नाही. मावशी भेटायला जात नाही, लोक काय म्हणतील म्हणून. टेस्टीचा परत येतानाचा सीन बघून मी रडले. मी काय करू? — पेडणे तालुका

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी कायद्याचं. देशातल्या दर चार कैद्यांमधले साधारण तीन असेच कच्चे कैदी असतात, गुन्हा सिद्ध न झालेले, त्यामुळे मावशीला सांगा की तो अजून गुन्हेगार नाही. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. त्या वकिलाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नवीन कायद्यातल्या, कलम ४७९ बद्दल विचारा. हा त्याचा पहिलाच गुन्हा असेल तर जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की जामिनावर सोडायचं, आणि तो काळ भरला की कोर्टाला अर्ज करायची जबाबदारी जेलच्या सुपरिंटेंडंटवर आहे. आधी गुन्हा सिद्ध झालेला असेल तर अर्धा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या कलमाला हे लागू नाही, एकाहून जास्त केसेस चालू असतील तरी नाही. केस हा कायदा लागू व्हायच्या, म्हणजे १ जुलै २०२४ च्या आधीची असली तरी चालेल, सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय. कलम कुठलं लावलंय तो कागद घेऊनच वकिलाकडे जा.

आता मावशीचं. भेटीचा दिवस आणि वेळ आधी विचारून घ्या, आयडी न्या, आणि पहिल्यांदा तुम्ही एकट्याच जाऊन या. घरी आल्यावर मावशीला केसचं काही सांगू नका, तो बारीक झालाय का, दाढी वाढलीय का, कोणाची आठवण काढली, एवढंच सांगा. दुसऱ्या वेळी ती स्वतःच पिशवी भरून बसलेली असेल असं मला वाटतं. आत काय नेऊ देतात ते मात्र गेटवर आधी विचारा, नाहीतर तिने रांधलेलं परत आणावं लागेल आणि ते तिला सहन होणार नाही. आणि तो समोर आला की आज काय जेवलास, दिवस कसा गेला, हे विचारा. पुढच्या महिन्यात मला कळवा, नाव छापणार नाही.