सर्वेक्षणाला निघण्याआधी यादी तपासा

ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून चारशे जणांना प्रश्न विचारले, म्हणजे ठाण्याचं मत कळलं असं होत नाही. तिथे मुख्यतः लोकलने जाणारे भेटतात. घरून काम करणारे, घराबाहेर फारसे न पडणारे आजी-आजोबा निसटतात. नमुना, म्हणजे निवडलेली माणसं, कितीही वाढवला तरी हा एकांगीपणा जात नाही. म्हणून आधी पाहा, ज्या यादीतून माणसं निवडणार, तिच्यात ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते सगळे आहेत का?

आकड्याचं सोपं आहे. ९५ टक्के विश्वासपातळी (असे शंभर नमुने घेतले तर साधारण ९५ वेळा उत्तर ठरवलेल्या चुकीच्या आत राहील) आणि ±५ टक्के चूक चालत असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडीची सारखी संधी असेल तेव्हा, ३८५ जण पुरतात. शहर मोठं म्हणून तो वाढत नाही. चूक निम्मी करायची तर मात्र चौपट माणसं लागतात.

खरी फसगत निवडीत होते. समजा घोडबंदर रोडच्या संकुलात २४०० फ्लॅट आहेत, ३०० हवेत, म्हणून दर आठवा घेतलात. मजल्यावर चारच फ्लॅट असतील तर दरवेळी त्याच कोपऱ्यातलं, त्याच उभ्या पाइपलाइनवरचं घर येतं आणि पाण्याच्या दाबाचं उत्तर साफ बिघडतं. त्यापेक्षा एक्सेलमध्ये प्रत्येक नोंदीपुढे रँडम आकडा टाका, तो व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, सॉर्ट करा आणि पहिले ३०० उचला.

दार बंद असेल तर कृपा करून शेजारचं घर घेऊ नका. संध्याकाळी, मग रविवारी पुन्हा जा. तरीही कोणी भेटलं नाही तर ‘प्रतिसाद नाही’ लिहा. आणि ‘किती तास पाणी येतं?’ला ‘माहीत नाही’ उत्तर आलं तर रकान्यात शून्य भरू नका, सरासरी खोटी खाली येते.