गिरगावची खोली विकल्याचा सल साठीत का टोचतो?

1995 साली खोली विकून डोंबिवलीला गेलात आणि आता रोज पस्तावताय, असं तुम्ही लिहिलंय. हिशेबच चुकतोय: आजचा भाव तेव्हाच्या पगाराला लावताय. वहीत एक पान काढा. तेव्हाचा पगार, घरातली माणसं, सामाईक संडास, गृहकर्जाचं व्याज (तेव्हा 15 टक्क्यांच्या आसपास) लिहा. तेव्हा ठाऊक नव्हतं ते त्यात नको; ते घालायचा मोह इथेच होतो.

गिलोविच-मेडवेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1990च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं की केलेल्याचा पस्तावा लवकर बोथटतो, न केलेल्याचा उरतो. म्हणून दुसऱ्या पानावर राहून गेलेलं लिहा. खोलीच्या पैशातल्या वाट्यावरून भावाशी अबोला आहे? रविवारी फोन करा, पागडीचा, म्हणजे खोलीच्या त्या पैशांचा, विषय मात्र काढू नका. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला, मोफत आहे.