सोलापूर: बहिणीला पॉट्स (उभं राहिलं की हृदयाचे ठोके फार वाढून चक्कर येण्याचा आजार) आहे, टॉवेलच्या कारखान्यात उभ्याचं काम. पाळीच्या सुमारास चक्कर फार वाढते. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी थांबेल का?

थांबेल असं मानून पैसे घालवू नका. पाळीच्या सुमारास चक्कर वाढणं पॉट्समध्ये नेहमीचं आहे आणि ते मुख्यतः हार्मोन व पाण्या-मिठाचं गणित आहे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला मदत करतात. पाळीआधी दोन्ही उतरतात, उभं राहिलं की रक्त पायांकडे साचतं आणि हृदय धावू लागतं (निदानाची खूणच ही: उभं राहिल्यापासून 10 मिनिटांत ठोके मिनिटाला 30 किंवा जास्त वाढणं, किशोरवयात 40, आणि बीपी मात्र फारसा न पडणं). त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, 42-43 अंश, घामाच्या धारा. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणारा ताण, ज्यावर अँटिऑक्सिडंट गोळ्या विकतात) एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढणं) आणि पीसीओएस (बीजांडकोशांशी निगडित हार्मोनचा विकार) यांमध्ये वाढलेला आढळतो, तेवढ्यावरून जाहिरातवाले पॉट्सचंही नातं जोडतात. गोळ्यांनी पॉट्सची चक्कर जाते याचा भक्कम पुरावा नाही.

त्यापेक्षा पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून:
- दिवसाला 2 ते 3 लिटर पाणी, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढं जादा मीठ (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ नको)
- पोटापर्यंतचे घट्ट कॉम्प्रेशन मोजे
- मालकाशी बोलून अधूनमधून बसायची सोय. हे सर्वांत अवघड, पण उपयोगही याचाच जास्त.

मात्र रक्तस्राव जास्त होत असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, कारण लोह कमी असल्यानेही अशीच धडधड आणि चक्कर येते, आणि त्यावर उपचार वेगळा असतो.