युद्धकैद्याला शत्रू कसं वागवतो? आणि सुटून आल्यावर आपलंच सैन्य चौकशी का करतं?

नियम १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक, एवढंच सांगणं कैद्याला बंधनकारक असतं. मारहाण नाही, गर्दीपुढे तमाशा नाही. महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं पाठवता यायला हवीत.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतले सुभेदार काका १९७१ला पाकिस्तानच्या ताब्यात होते. असं एक कार्ड काकूंनी पत्र्याच्या पेटीत जपलंय. घडीवर फाटलंय, मजकूर चारच ओळी. पहिली: 'मी खुशाल आहे.' ते हातात पडेपर्यंत काकूंना ते जिवंत आहेत की नाहीत हेसुद्धा माहीत नव्हतं.

लढाई थांबली की विनाविलंब सोडा, असं करार म्हणतो. प्रत्यक्षात सुटका राजकारणावर ठरते. काका डिसेंबर १९७२ला वाघ्यावरून आले. भारतीय हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन वैमानिक साथीदार त्याआधी ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीतून भिंत फोडून निसटले होते, पण अफगाण सीमेजवळ पकडले गेले. आपल्याकडच्या सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांतले शेवटचे तर एप्रिल १९७४ला परतले.

परतल्यावरची चौकशी म्हणजे संशयच असं नाही. शत्रूने काय विचारलं, मागे कोण राहिलंय, हे ताजं असतानाच कळायला हवं. वैद्यकीय तपासणीही होते. मनाची विचारपूस मात्र तेव्हा फारशी कुणी केली नाही, आणि ते चुकलंच. परतल्यावर कित्येक महिने काका खोलीचं दार लावू द्यायचे नाहीत, असं काकू सांगतात.